कोकणात बालसमुपदेशक घडवायला येताय? या चुका टाळा

लंडन, टोरांटो, दुबईत स्थिरावलेली आपली मानसोपचारतज्ज्ञ मंडळी दोन-तीन आठवड्यांची रजा काढून गावाकडे येतात आणि अंगणवाडी सेविका, आशाताई, जिल्हा परिषदेचे शिक्षक यांना धसका घेतलेल्या मुलांबरोबर काम करायला शिकवतात. गरज आहेच. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ, २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आणि त्याच दिवशी तळियेत कोसळलेली दरड, १९ जुलै २०२३ च्या रात्रीची इर्शाळवाडीची दरड. यातून वाचलेली मुलं आजही पहिला पाऊस पत्र्यावर वाजला की दचकून उठतात. म्हणूनच शिकवायला येणाऱ्यांनी त्याच त्या चुका पुन्हा करणं परवडणारं नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन दिवसांचं शिबिर घेऊन परत जाणं. पुढे काय होतं, तेही ठरलेलं. सेविका उत्साहाने एका मुलाबरोबर काम सुरू करते. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मुलगा पहिल्यांदा त्या रात्रीबद्दल बोलतो आणि त्याच आठवड्यात अंथरूण ओलं करायला लागतो. आई तणतणत येते, "बाई, तुमच्याकडे बसायला लागल्यापासून वाढलंय हे." आठवण उघडली की काही दिवस त्रास वाढू शकतो, अशा वेळी काम थांबवायचं नसतं, वेग कमी करून आधी मुलाला शांत करायचं असतं. हे सांगायला त्या क्षणी जाणतं कुणीतरी लागतं. ते नसतं, म्हणून सेविका घाबरते, भेटी बंद करते. मूल अर्ध्यावर राहतं आणि पुस्तिका कपाटात जाते.

म्हणून शिबिराची तारीख ठरवण्याआधी पुढच्या सहा महिन्यांच्या फोनच्या तारखा ठरवा. चार-पाच जणींचा गट, दर पंधरा दिवसांनी एक तास, प्रत्येकीने एकाच मुलाबद्दल बोलायचं. व्हिडिओचा हट्ट नको, आतल्या वाडीत रेंज मिळत नाही. साधा कॉल पुरतो. मुलाचं नाव फोनवर घ्यायचं नाही, वहीतला क्रमांक सांगायचा. वेळ इथल्या घड्याळाची धरा. लंडनमध्ये ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे जातात आणि साडेचार तासांचा फरक साडेपाच होतो. ते विसरलात तर इथे चार बायका फोन समोर ठेवून तासभर बसून राहतात आणि पुढच्या वेळी दोघीच येतात. प्रमाणपत्र शेवटच्या फोननंतर द्या. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी हार-तुऱ्यांसह वाटलेल्या कागदाने शिकण्याचा शेवट होतो.

दोन दिवसांत 'ईएमडीआर' (डोळ्यांची हालचाल करवत वाईट आठवणींवर काम करण्याची उपचारपद्धत) शिकवा, अशी मागणी हमखास होते. साफ नाही म्हणा. अमेरिकेत त्याच्या मूळ प्रशिक्षणात २० तास शिकवणं, २० तास सराव आणि १० तास केसवर चर्चा असते, तीही आधीच मानसोपचाराचं शिक्षण घेतलेल्यांसाठी. डोळ्यांसमोर बोटं हलवता आली म्हणजे उपचार आले, असं समजणाऱ्या घाईखोरांपासून मुलांना वाचवायला हवं. सेविकांना मानसिक प्रथमोपचार नीट शिकवा: आधी पाहा, मग ऐका, मग योग्य मदतीशी जोडून द्या. पुढची पायरी म्हणून, धसका घेतलेल्या मुलांचा गट करून शिक्षकांना घेता येईल असा 'टीचिंग रिकव्हरी टेक्निक्स' हा कार्यक्रम आहे. मुलांच्या पाच आणि पालकांच्या दोन बैठका. पालकांच्या बैठका वेळ नाही म्हणून गाळू नका. अंथरूण ओलं झाल्यावर रात्री उठून चादर बदलणारी आईच असते.

दुसरी चूक सरावाच्या वेळी होते. जेवणानंतर जोड्या पाडतात आणि सांगतात, "आपापली एक वाईट आठवण घ्या." समोर बसलेल्या ताई स्वतः त्याच पुरातून आलेल्या आहेत, हे शिकवणाऱ्याच्या ध्यानात नसतं. कुणी अंगणवाडीच्या माळ्यावर रात्र काढलेली असते, कुणाच्या घरातलं माणूस गेलेलं असतं. एखादी नेमकी तीच आठवण घेते. दहा मिनिटांत तिचे हात गार पडतात, शब्द फुटत नाही. जोडीदार कागदावरचा पुढचा प्रश्न वाचत राहते, कारण तिला तेवढंच शिकवलेलं असतं. साडेचारला एसटी असल्यामुळे सत्र गुंडाळलं जातं आणि ती बाई त्या अवस्थेत एकटी घरी जाते.

सरावासाठी आठवण किती जड असावी, ते आकड्यात सांगा. ० ते १० मध्ये ३ किंवा ४, त्यावर नाही. उदाहरण तुम्हीच द्या: बाजारात पाकीट हरवलं, शाळेत सगळ्यांसमोर ओरडा बसला. खोलीत एक जाणता माणूस निव्वळ लक्ष ठेवायला हवा, त्याला दुसरं काम देऊ नका. सराव सकाळी घ्या आणि शेवटची एसटी सुटण्याच्या दीड तास आधी संपवा.

मुलांना शांत करतानाची एक चूक खास किनाऱ्यावरची आहे. "डोळे मिटा, समुद्राच्या लाटा ऐका." बाहेरून येणाऱ्याला समुद्र म्हणजे सुट्टी. ज्याच्या बापाची होडी परत आली नाही, त्या कोळ्याच्या पोराला तो आवाज काय वाटेल? सुरक्षित जागा मुलालाच विचारा. आजीची पडवी, काजूची ठरावीक फांदी, सारवलेलं खळं, काहीही निघेल. डोळे उघडेच ठेवू द्या. मन भरकटायला लागलं तर जांभ्याच्या भिंतीवर तळवा टेकवून ती कुठे खरखरीत आहे ते सांगायला लावा, नाहीतर आमसूल हातात द्या, वास घेऊ दे.

भाषेची चूकही फार दिसते. इथे 'ट्रॉमा' म्हटलं की हायवेवरचं अपघाताचं हॉस्पिटल आठवतं, आणि प्रश्नावलीत 'अनाहूत विचार येतात का' असं छापलं तर मूल मुकाट्याने 'नाही'वर खूण करतं. 'नको असताना ते डोळ्यांसमोर येतं का?' असं विचारा. एकाने मराठी करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावं, मग चार-पाच मुलांना वाचून दाखवावं.

दुर्घटनेनंतर दुसऱ्याच दिवशी वर्गभर मुलांना बसवून 'काय काय पाहिलंत ते सांगा' म्हणू नका. एका बैठकीत सगळं बोलतं करण्याचा प्रकार जागतिक आरोग्य संघटनेनेही नाकारला आहे.

मुलांचे चेहरे, त्यांनी काढलेली चित्रं व्हॉट्सॲपवर टाकू नका.

मुलासाठी देवाला गाऱ्हाणं घालून आलेल्या आजीला हसू नका. गाऱ्हाणं चालू दे, भेटीही चालू देत.

'मी कुणाला सांगणार नाही' असं वचन मुलाला कधीच देऊ नका. लैंगिक अत्याचार कळला तर पोक्सो या मुलांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. पहिल्याच दिवशी हे शिकवा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

तारखा ठरवताना गाव पाहा. जुलैत लावणी, मग गणपती, ऑक्टोबरात कापणी, फाल्गुनात शिमगा. या दिवसांत माणसं येणार नाहीत आणि आली तरी त्यांचं लक्ष लागणार नाही. डिसेंबर-जानेवारी उत्तम. आशाताईंचा प्रवासखर्च आणि बुडालेला दिवस आधी हातात द्या. एका सत्राला बारा जणी, त्याहून जास्त नाहीत, आणि त्यात बदलीच्या यादीत नाव असलेले शिक्षक नकोत. निघण्याआधी प्रत्येकीच्या वहीत पुढच्या फोनची तारीख तिच्या हाताने लिहिलेली आहे ना, ते बघा.