ऑक्टोबरच्या उन्हात पित्त कसं सांभाळावं

पावसाळ्यात गारव्याला सरावलेल्या शरीरावर आश्विनात एकदम कडक ऊन पडतं आणि आयुर्वेदाच्या मते वर्षा ऋतूत साठलेलं पित्त उसळतं. आंबट ढेकर, डोळ्यांची आग, तोंड येणं, अंगावर गांधी उठणं, अर्धशिशी या तक्रारी याच दिवसांत वाढतात. ‘वैद्यानां शारदी माता’, म्हणजे शरद ऋतू ही वैद्यांची आई, असं म्हणतात ते त्यामुळेच. उपाय स्वयंपाकघरातले आहेत. बहुतेकांचं बिघडतं ते सणाच्या खाण्यात.

सकाळी धन्याचा हिम घ्यावा. रात्री 10 ग्रॅम धने (दोन मोठे चमचे) भरड कुटून 60 मिली पाण्यात भिजत घाला, झाकून ठेवा. सकाळी हाताने चोळून, पिळून गाळा आणि चमचाभर खडीसाखर घालून अनशापोटी प्या. प्रमाण एकास सहा. धने मिक्सरमध्ये बारीक करू नका, गाळ खाली बसत नाही. उकळू तर मुळीच नका: उकळलं की तो काढा होतो आणि ज्या थंडाव्यासाठी हे करायचं तोच जातो. त्यानंतर अर्धा तास चहा नको. पोट साफ होत नसेल तर रात्री 10-12 काळ्या मनुका भिजवून सकाळी चावून खाव्यात.

जेवण कडू, गोड, तुरट चवींकडे झुकतं हवं आणि कडकडून भूक लागल्यावरच हवं. जुन्या तांदळाचा भात, मुगाचं वरण, वर चमचाभर साजूक तूप. भाज्यांत पडवळ, दुधी, कोहळा. पडवळाच्या बिया काढून चकत्या करा, अर्धी वाटी मूगडाळ तासभर भिजवा, तुपात जिऱ्याची फोडणी देऊन दोन्ही झाकणावर पाणी ठेवून वाफवा, शेवटी ओलं खोबरं आणि कोथिंबीर. हिरवी मिरची आणि दाण्याचं कूट घातलं की भाजीचा उद्देशच फसला. आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट यांनी शरदात वर्ज्य सांगितलेल्या गोष्टींत दही आहे, तेल आहे, पोटाला तडस लागेपर्यंत जेवणंही आहे. दह्याऐवजी दुपारी लोणी काढलेलं ताजं, गोड ताक जिरेपूड घालून थोडं घ्यावं.

नवरात्राचा उपास इथे खरा आडवा येतो. दिवसभर चहावर राहून रात्री साबुदाण्याची खिचडी खाणं म्हणजे रिकाम्या पोटी पित्त वाढवून त्यावर शेंगदाणे, मिरची आणि बटाटा टाकणं. उपास सोडायला सांगत नाही, पदार्थ बदला. भगर तुपात जिरं टाकून मऊ शिजवा, राजगिऱ्याच्या लाह्या दुधात घ्या, दुधीची खीर करा, आणि दोन खाण्यांत पाच तासांहून जास्त अंतर पडू देऊ नका.

कोजागरीला चांदण्यात बसून दूध पिणं ऋतूला धरूनच आहे, पण भेळ-पावभाजीनंतर मध्यरात्री घट्ट आटवलेलं दूध नाही. आंबट-खारटावर दूध हा विरुद्धाहार आहे. साडेसातपर्यंत हलकं जेवा, तीन तासांनी 150 मिली दूध घ्या. त्यात वेलची, खडीसाखर, केशराच्या चार काड्या पुरेत. जायफळ चिमटीपुरतं, सुका मेवा बेताचा. चांदणं रात्रीच्या पहिल्या प्रहरात सोसतं, नंतर दव पडायला लागतं, ते अंगावर घेऊ नये.

बाकी थोडक्यात: अकरा ते चार ऊन टाळा, दुपारी झोपू नका, डोक्यावरून कढत पाणी घेऊ नका. झोपताना तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने पाच-सात मिनिटं घासा. डोळ्यांची आग कमी व्हायला याची मदत होते असं मानतात. पाणी उकळून, गार करून माठात भरा, त्यात धुतलेल्या वाळ्याची जुडी टाका. बुळबुळीत लागली की लगेच बदला.

शरदात विरेचन (औषधाने जुलाब करवणं) आणि तिक्त घृत (कडू औषधांनी सिद्ध केलेलं तूप) सांगितलेलं असलं, तरी घरच्या घरी एरंडेल पिऊ नये. मात्रा वैद्यच ठरवतील. मधुमेह असेल तर खडीसाखर आणि मनुका वगळा. ताप, अंगदुखी, डोळ्यांमागे दुखणं असेल तर ते पित्त समजून धने पीत बसू नका. हे दिवस डेंग्यू-मलेरियाचेही असतात, रक्त तपासून घ्या. काळी शौच किंवा न थांबणारी उलटी झाली तर थेट रुग्णालय गाठा.

लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी ही यादी तशीच उचलू नये. तिथल्या ऑक्टोबरात हवा थंड असते; तिथे गरम, स्निग्ध जेवण आणि तिळाच्या तेलाचा अभ्यंग योग्य.

आपल्याकडे तो पालट हेमंतात येतो. सरत्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि नव्याचा पहिला आठवडा हा ऋतुसंधी. तेवढ्यात हिम हळूहळू बंद करावा, तीळ-बाजरी थोडी थोडी सुरू करावी. एका दिवसात सगळं बदललं तर पचन बिघडतं.