स्टेशन रोडचे काम: आधी हद्द, मग नाली, शेवटी गट्टू

विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत स्टेशन रोड बहुधा सारखाच दिसतो. एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला दुकानांची ओळ, मागे जुनी जिनिंग किंवा वखार, आणि विकास आराखड्यात हिरव्या रंगाने दाखवलेला, अजून न झालेला बगीचा. रस्ता रुंद होणार अशी कुणकुण लागली की दुकानमालक इंजिनिअरकडे नकाशा काढायला धावतात. त्याआधी मोजणी करून घ्या.

नगर भूमापनातली जागा असेल तर आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, नसेल तर सातबारा. स्टेशनजवळच्या कित्येक जागा नझूलच्या, म्हणजे सरकारने पट्ट्याने दिलेल्या असतात. पट्ट्याची मुदत संपली असेल तर आधी नूतनीकरण उरका, नाहीतर बांधकाम परवानगीचा अर्ज तिथेच अडकतो. मग भूमी अभिलेखकडून मोजणी करून 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत घ्या. रेल्वेची हद्द रुळापासून अंदाजे पावले टाकून ठरत नाही. ती हद्दीच्या दगडांवरून ठरते, आणि यार्डाच्या बाजूला रेल्वेची जागा बरीच रुंद असते. म्हणून मोजणीच्या दिवशी रेल्वेचा माणूस हजर राहील अशी लेखी मागणी करा.

रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत नवे बांधकाम किंवा पुनर्बांधणी करायची तर रेल्वेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. रस्ता १२ मीटर आणि दुकान १५ मीटर खोल धरले तर बेरीज २७ होते, म्हणजे अख्खी ओळ या नियमात येते. हा अर्ज नगर परिषदेच्या अर्जाआधी टाका. शकुंतलेसारख्या (यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर हा जुना अरुंद रेल्वेमार्ग) मार्गावर गाड्या धावत नाहीत म्हणून शेजारची जमीन मोकळी झाली असे समजून ओटा पुढे सरकवू नका.

बगीच्याचे आरक्षण तुमच्या जागेवर येत असेल तर तारखा सांभाळा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकतीला ३० दिवस मिळतात. "आरक्षण काढा" एवढ्या एका ओळीच्या अर्जाने काही साधत नाही. 'क' प्रत जोडा, किती चौरस मीटर जाते ते लिहा, बगीच्याची हद्द कुठे सरकवता येईल ते नकाशावर दाखवा आणि सुनावणीला स्वतः जा. आराखडा अंतिम होऊन १० वर्षे झाली आणि जागा संपादित झाली नसेल तर १९६६ च्या नगररचना अधिनियमातील कलम १२७ ची नोटीस मालकीच्या कागदांसह देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. मात्र बगीचा घालवण्याची घाई करू नका. पुढे दिसेल की दुकानात पाणी शिरू नये म्हणून त्याचीच गरज पडते.

या रस्त्यावर खरी चूक होते ती पातळीत. रुळांचा भराव हा गावाला आडवा पडलेला बांधच असतो, आणि पाण्याला वाट एकच, भरावाखालची मोरी. म्हणून सगळ्या पातळ्या मोरीच्या तळापासून मोजत या. नालीला १:२५० उतार दिला तर ३०० मीटरवर तिचा तळ मोरीपेक्षा १.२ मीटर वर येतो. तेवढी उंची मिळत नसेल तर नाली भरलेलीच राहणार, मग काँक्रीट कितीही चांगले असो. जुन्या रस्त्यावर नवा थर चढवू देऊ नका. आधीचा थर खरवडून काढायला लावा, नाहीतर दुकानाचा ओटा रस्त्याच्या खाली जातो.

आता हिशेब पाहा. ३०० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद रस्त्याचे ३,६०० चौरस मीटर, १५ मीटर खोल छपरांचे ४,५००. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर या ८,१०० चौरस मीटरवर सुमारे ४ लाख लिटर पाणी जमते. मोरी ते एकदम घेत नाही. बगीच्यातला १,२०० चौरस मीटरचा तुकडा ३० सेंटिमीटर खोल ठेवला तर ३ लाख ६० हजार लिटर तिथे थांबते. मात्र काळी माती फुगली की पाणी जिरवत नाही. तळाला लहान पाइप टाकून ते हळूहळू मोरीकडे सोडावे लागते. रेल्वेच्या मोरीत नवी नाली जोडायलाही रेल्वेची परवानगी लागते.

१२ मीटरची वाटणी आम्ही अशी सुचवतो: दुकानांकडे २.५ मीटर पायवाट आणि तिच्या खाली झाकलेली नाली, १.५ मीटर झाडे व ठेल्यांसाठी, ७ मीटर गाडीरस्ता, रुळांकडे १ मीटर कुंपणपट्टी. गाडीरस्ता ७ पेक्षा कमी केला तर कापसाच्या हंगामात दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या समोरासमोर अडतात. पानठेले, भाजीवाले हलवायचे असतील तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. आधी नगर पथविक्रेता समितीत जागा ठरवा, मग हलवा. रेल्वेच्या जमिनीवरच्या ठेल्यांना मात्र हा कायदा लागू नाही.

कापसाची आवक ओसरली की, म्हणजे होळीनंतर, खोदकाम सुरू करा आणि मृगाआधी नाली पूर्ण करा. एका वेळी अर्धीच लांबी उकरा, म्हणजे धंदा चालू राहतो. एप्रिल-मेच्या उन्हात काँक्रीट भल्या पहाटे किंवा सायंकाळी टाका. त्यावर पोती अंथरून ती सतत ओली ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी तडे जातात. गट्टूखालची (फरसबंदीच्या सिमेंट ठोकळ्यांखालची) काळी माती ४५ सेंटिमीटर काढून मुरूम १५-१५ सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून दाबा. इथे काटकसर केली की पहिल्या पावसाळ्यानंतर गट्टू वर-खाली होतात. नव्या दुकानाचा पायाही काळ्या मातीत सोडू नका, मुरमापर्यंत न्या.

झाडांचे खड्डे मे महिन्यात एक मीटर लांब, रुंद व खोल खणून तापू द्या. दुकानांकडे करंज किंवा कडुनिंब, ७ मीटरवर एक. रुळांकडे उंच झाड नको, कारण वादळात ते २५,००० व्होल्टच्या तारेवर पडू शकते. तिथे अडुळसा, निरगुडी लावा. जनावरे त्यांना तोंड लावत नाहीत.

गट्टू बसवण्याआधी ५,००० लिटरचा टँकर नालीच्या वरच्या टोकाला रिकामा करून घ्या. पाणी मोरीपर्यंत चालत जाताना सोबत चाला. जिथे ते थबकेल तिथे खडूने खूण करा आणि ती जागा दुरुस्त झाल्याशिवाय कंत्राटदाराच्या मोजमाप पुस्तिकेवर सही होऊ देऊ नका.