ॲक्शन फिगरचा एलियन करताना या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

माझा पहिला एलियन म्हणजे आमच्या सोलापूरच्या होम मैदानावरच्या गड्ड्याच्या यात्रेत घेतलेला खेळण्यातला सैनिक, त्याला पोपटी रंग फासला आणि झाला परग्रहवासी, असं मला वाटलं. मित्र आला, बघितला आणि म्हणाला, "काय बे, ह्याला कावीळ झालीय का?" तेव्हापासून आजपर्यंत बऱ्याच ॲक्शन फिगर, म्हणजे हातपाय हलणाऱ्या खेळण्यातल्या बाहुल्या, बिघडवल्या, आणि एवढं कळलंय की काम रंगात बिघडत नाही, रंगाच्या आधी बिघडतं, रंगात फक्त दिसतं.

पहिली चूक फिगर निवडतानाच होते. यात्रेतली स्वस्त फिगर बहुतेक पोकळ असते, हाताला मेणासारखी गुळगुळीत लागते, त्या प्लास्टिकला फेव्हिक्विक धरत नाही आणि रंग तर नखाने पापुद्र्यासारखा निघतो. त्यावर शिकायला हरकत नाही, पण आठ दिवस घालवू नका. चांगल्या सहा इंची फिगरमध्ये साधारण दोन प्रकारचं प्लास्टिक असतं, डोकं-हात मऊ पीव्हीसीचे आणि सांधे कडक एबीएसचे. हे माहीत नसलं की घोटाळा होतो. मी एकदा नेलपॉलिश रिमूव्हरने जुना रंग काढायला गेलो, त्यातल्या ॲसिटोनने एबीएसचा गुडघाच चिकट लगदा झाला. ॲक्रिलिक रंग काढायचा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, आणि आधी पायाच्या तळव्यावर थोडं लावून बघायचं.

आता चिकटपणाची तक्रार, ही सगळ्यात जास्त ऐकू येते. हार्डवेअरच्या दुकानातला ऑइल पेंट किंवा स्प्रे पेंट थेट मऊ पीव्हीसीवर मारला की बहुतेक वेळा आठवडा झाला तरी डोकं गुळासारखं चिकट. उन्हात ठेवून काही होत नाही हो, कारण पीव्हीसी मऊ ठेवायला त्यात जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं ते रंगात उतरतं आणि रंग नीट वाळूच देत नाही. आठ दिवसांनी चिकट असेल तर तो तसाच राहणार, खरवडा नाहीतर दुसरं डोकं शोधा. मऊ भागावर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिकच वापरा, स्टेशनरीच्या दुकानात मिळतात ते चालतात, पण दुधासारखे पातळ करून तीन-चार हात द्यायचे. एकाच जाड हातात काम उरकलं की चेहऱ्यावरचं कोरीव काम बुजतं. आणि त्याच्याही आधी फिगर भांड्याच्या साबणाने धुवायची, साच्यातून काढताना लागलेला तेलकटपणा तसाच राहतो आणि मग रंगाला शिव्या बसतात.

डोकं, हात काढायचे असतील तर जोर लावून पिरगाळू नका. गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवा, मऊ झालं की ओढा. थंड असताना सांध्यातली खुंटी मोडतेच, माझी मोडली. मोडलीच तर बारीक हातड्रिलने दोन्हीकडे एक मिलीमीटरचं भोक पाडून पेपर क्लिपचा तुकडा घाला आणि चिकटवा, आधीपेक्षा मजबूत होतं. आणि बोअरचं पाणी असेल तर नंतर पुसून घ्या, आपल्याकडच्या जड पाण्याचे पांढरे डाग प्लास्टिकवर राहतात आणि नंतर रंगातून खडबडीत लागतात.

एम-सीलने कवटी वाढवणं हा माझा आवडता भाग आणि इथंच मी सगळ्यात जास्त चुकलो. सगळा गोळा एकदम मळला, आणि मे महिन्यात तो माझं एक शिंग होईस्तोवर दगड झाला. बोराएवढाच मळायचा. मोठं डोकं भरीव केलं की मान वाकते, एलियन कायम खाली बघून लाजतोय असं दिसतं, म्हणून आत ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा आणि वर पातळ थर. बोट ओलं करून गुळगुळीत करायचं, पण पाणी जास्त झालं की थर सुटतो. पूर्ण घट्ट व्हायला एक दिवस द्या, मग पॉलिश पेपर, तोही ओला करून घासायचा आणि तोंडाला मास्क.

कातडीसाठी भारी युक्ती सांगतो, सीताफळाची साल. एम-सीलची पुट्टी थोडी घट्ट झाली की टाल्कम पावडर लावून साल दाबायची, असे खवले निघतात की कुठल्या टूलने येणार नाहीत. फक्त कोपरावर आणि गुडघ्यावर पुट्टी लावू नका, हात एकदा हलवला की तडकते. सांध्यावरचा रंगही घासून जातो, त्यामुळे रंग द्यायच्या आधी आतला काठ किंचित तासून ठेवायचा, म्हणजे दोन्ही भाग एकमेकांना घासत नाहीत.

काच किंवा पारदर्शक डोळे फेव्हिक्विकने चिकटवले की भोवती पांढरी धुरकट झाक येते, ती त्याच्या वाफेची असते. डोळ्यांना फेव्हिकॉल वापरा, वाळल्यावर पारदर्शक होतो.

आता सोलापूरची खास अडचण. दुपारी बारा वाजता गच्चीवर वार्निशचा स्प्रे मारला तर थेंब हवेतच सुकतात आणि अंगावर रवा पडल्यासारखा दिसतो, पावसाळी दमट हवेत उलट पांढरट झाक चढते. सकाळी सात-आठला मारा, वीतभर लांबून. आणि आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, सुताचा बारीक बुरा कायम उडतो, ओल्या एलियनवर बसला की त्याला मिशा फुटतात. मी वाळताना वरून पालथी बादली ठेवतो. आई विचारते आज बादलीत काय कोंडलंय.

आणि ते पोपटी. एलियन रंगाने नाही, आकाराने वाटतो. खांदे उतरवा, बोट कमी करा, डोळे कानाजवळ न्या, आणि मग रंग देताना आधी गडद, मग उंचवट्यांवर कोरड्या ब्रशने फिकट. आमच्या घरातल्या पालीचा रंग बघून केलेला फिकट राखाडी-गुलाबी एलियन भाच्याने हातात घ्यायला नकार दिला, तो शोकेसमध्ये सगळ्यात पुढे ठेवलाय.