केपटाउनला गेलेले आपले लोक कसे शोधायचे
मुंब्र्यात आमच्यासारखी बरीच कोकणी मुसलमान घरं आहेत, ज्यांचा कोणीतरी रत्नागिरीकडून केपटाउनला गेला आणि मग पत्रं बंद. शोधायचं असेल तर आधी घरातली ट्रंक उघडा, फोटो उलटे करून बघा, आमच्या एका फोटोमागे जांभळ्या शाईत "हॅनोव्हर स्ट्रीट" एवढंच होतं आणि त्यावरून केपटाउनमधली डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती कळली. तो भाग १९६६ ला फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केला, ६० हजारांवर लोक उठवले, मग जुन्या पत्त्यावर पत्र टाकून काय होणार?

दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ऑनलाइन सर्च फुकट आहे, पण परकारचं पार्कर झालेलं असतं, सो दोन-चार स्पेलिंग टाकून बघाच. मयताच्या इस्टेटची फाइल मिळाली तर सोनं, त्यात बायकोमुलांची नावं सापडतात.

आणि हो, १९५० च्या कायद्याने तिथे प्रत्येकाला वंशाचं लेबल चिकटवलं, सख्खी भावंडंसुद्धा वेगळ्या गटात पडायची. कागदावर "केप मलय" (तिथल्या मुसलमानांचा एक गट) दिसलं म्हणून हा आपला नाही असं समजून सोडू नका, मी सोडलं आणि दोन महिने फुकट गेले. आजीला विचारताना मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा, ती एकच गोष्ट दुसऱ्यांदा वेगळी सांगते.