कचऱ्याचा नवा ठेका येण्याआधी छोट्या टेम्पोवाल्यांनी काय करून ठेवावं

कचऱ्याची नवी व्यवस्था आली की पहिला घाला आपल्यावर पडतो. एक छोटा हत्ती, दोन पोरं आणि ठरलेली गिऱ्हाईकं: आपल्या सांगलीत विश्रामबागेतली खानावळ, माधवनगर रोडचं मंगल कार्यालय, मार्केट यार्डातली एखादी पेढी. उद्या ‘या भागातला कचरा फक्त ठेकेदारच उचलेल’ असं ठरलं की आपण बाहेर. हे जगभर चाललंय. न्यूयॉर्कनं 2019 साली कायदा करून दुकानं-हॉटेलांच्या कचऱ्यासाठी शहराचे 20 भाग पाडले आणि भागात जास्तीत जास्त तीनच कंपन्या ठेवायच्या ठरवल्या. लॉस एंजेलिसनं 2017 मध्ये 11 भाग सात कंपन्यांना दिले, तर बिलं वाढली म्हणून गिऱ्हाईकांनीच बोंब मारली. असे भाग पाडण्यामागचं कारण मात्र खोटं नाही. एकाच रस्त्यावर रात्री दहा जणांच्या गाड्या फिरणार, त्यात डिझेल जळणार आणि अपघातही होणार. त्यामुळं ‘सुधारणाच नको’ म्हणून मोर्चा काढण्यात मला अर्थ वाटत नाही. त्यापेक्षा तयारी करा.

आधी घरगुती कचरा डोक्यातून काढा. तो घंटागाडीचा. तिच्याशी दरात आपला टिकाव लागत नाही. आपलं पोट भरतं ते मोठ्या गिऱ्हाईकावर, आणि तिथं कायदा आपल्या बाजूचा आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्याला मोठा कचरा निर्माता धरलं. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या नियमांतही 100 किलोची रेघ आहे, आणि कचरा चार भागांत वेगळा करायला सांगितलाय: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (बल्ब, औषधं, रंगाचे डबे असला). म्हणजे हॉटेलवाल्याला आता नुसती गाडी पुरत नाही, आपला कचरा कुठं गेला हे दाखवावं लागतं. ते दाखवून देणारा माणूस तुम्ही व्हा.

शंभर किलो ऐकायला जास्त वाटतात. दोनशे लिटरचं निळं पिंप खरकट्यानं गच्च भरलं की वजन सहज शंभरच्या पुढं जातं, दोघांना मिळूनसुद्धा उचलत नाही. तेच पिंप पुठ्ठ्यानं भरलं तर एकटा पोरगा खांद्यावर घेऊन पळतो. म्हणून पिंपावर दर ठरवू नका, किलोवर ठरवा. गाडीला लटकता काटा ठेवा. ओलं वेगळं मोजा, सुकं वेगळं. वहीत तारीख, गिऱ्हाईक, ओलं, सुकं, कुठं उतरवलं आणि समोरच्या माणसाची सही, एवढंच लिहा. गाडी भरली की वजनकाट्यावरची पावती त्याच पानाला टाचा. तीन महिन्यांची अशी वही महापालिकेत टेबलावर ठेवली की साहेब खुर्ची देतात, हा माझा अनुभव आहे.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालयात जाऊन बघा. पत्रावळीत मसालेभात, त्यात पाण्याच्या बाटल्या, वर झेंडूचे हार. रात्रभर ते एकत्र राहिलं की सकाळी सगळंच ओलं होतं आणि बाटलीलाही भंगारवाला हात लावत नाही. म्हणून पंगत उठायच्या आधीच तुमचा एक माणूस हात धुण्याच्या जागेशी दोन पिंपं घेऊन उभा करा. बाटल्या-पुठ्ठ्याचे जे पैसे येतात त्यात त्याची हजेरी निघावी, असा हिशेब मांडा. गाडीला तळाशी पत्रा आणि वर ताडपत्री पाहिजेच. रस्त्यावर काळं पाणी सांडत गेलेली गाडी लोक नंबरासकट लक्षात ठेवतात.

गिऱ्हाईकाशी करार पाचशेच्या स्टॅम्पवर करून घ्या. तोंडी शब्द ठेकेदाराच्या पहिल्या पत्रापुढं उडून जातो. परवाना, विमा, पीयूसी, उद्यम नोंदणी ही कागदं करायचीच, त्यावर वेगळं काय लिहू?

आता निविदा. महाटेंडर्स या सरकारी निविदांच्या वेबसाइटवर रोज नजर ठेवा. चालू ठेक्याच्या अटी हव्या असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराची मुदत 30 दिवस. वर्षाला इतक्या रुपयांचा धंदा हवाच, ही उलाढालीची अट हीच आपल्याला बाहेर ठेवणारी असते. निविदापूर्व बैठकीत ती लेखी मांडा: कामाचे तुकडे प्रभागनिहाय करा, उपठेक्याला, म्हणजे ठेकेदारानं थोडं काम आपल्यासारख्याला देण्याला, मुभा द्या. भाषण नको, मुद्दे द्या. गावभागात, खणभागात जिथं कॉम्पॅक्टर, म्हणजे कचरा दाबून नेणारा मोठा ट्रक, वळत नाही तिथं छोटा हत्ती जातो, हे सांगा. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर गल्ल्यांत भिजलेल्या गाद्यांचे ढीग पडले होते, त्याची आठवण करून द्या.

एकट्यानं जाऊ नका. पुण्यात कचरावेचकांनी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था काढून महापालिकेशी करार केला. आठ-दहा टेम्पोवाले एकत्र येऊन संस्था नोंदवायला काय हरकत आहे? भांडणं होतील. हिशेबाची वही एकाकडं आणि बँकेच्या सह्या दुसऱ्या दोघांकडं ठेवली तर कमी होतील.

उपठेका मिळाला तर दोनच गोष्टींवर अडून बसा. ठेकेदाराला बिल मिळो न मिळो, आपले पैसे ठरल्या तारखेला यायला पाहिजेत. आणि दंड ज्याच्या चुकीचा त्यानंच भरायचा. बाकी सगळ्यात थोडं सैल सोडलं तरी चालेल.

मिरजेत काम करत असाल तर दवाखान्याची पिवळी किंवा लाल पिशवी गाडीत चढू देऊ नका, कितीही पैसे देऊ देत. त्या कचऱ्याचे नियम वेगळे आणि गाडीही वेगळी लागते. दवाखान्याच्या आवारातल्या कँटीनचं काम मात्र जरूर मागा. तिथं वर्षाचे बाराही महिने चूल पेटती असते, लग्नाच्या तिथी बघाव्या लागत नाहीत.