मॉडिफाय केलेली जुनी परफॉर्मन्स कार डीलरकडून घेताना या चुका टाळा

आठ-दहा वर्षे वापरलेली टर्बो पेट्रोल हॅचबॅक किंवा सेडान मुंबईत आज एखाद्या साध्या नव्या गाडीच्या किमतीत मिळते, आणि वेगाची आवड असलेल्या माणसाला हा सौदा मोह पाडणारा वाटतो. मात्र अशा अनेक गाड्यांचे इंजिनाचे सॉफ्टवेअर, सायलेन्सर, स्प्रिंगा किंवा चाके कंपनीतून आली तशी राहिलेली नसतात. बदल केलेले असणे हा माझ्या मते दोष नाही. विचारपूर्वक केलेले आणि बिलांसकट नोंदवलेले बदल असलेली गाडी मी आजही घेईन. धोका असतो तो ज्या बदलांचा हिशेब कोणीच देऊ शकत नाही त्यांचा. डीलर मध्ये आला की हा हिशेब बहुधा तुटतोच, कारण ज्याने बदल केले तो मालक गाडी देऊन मोकळा झालेला असतो आणि डीलरने ती जेमतेम शोरूमपर्यंत चालवून आणलेली असते.

“आता सगळे स्टॉक आहे”, म्हणजे कंपनीतून आले तसे आहे, या वाक्यावर विसंबणे

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. मोठा सायलेन्सर लावलेली, खाली बसवलेली गाडी निदान आपण बदललेली आहोत हे उघड सांगते. विकण्यापूर्वी सर्व मूळ भाग परत बसवून साधी केलेली गाडी मात्र काहीच सांगत नाही, आणि दरम्यानच्या काळात इंजिन, टर्बो व क्लच यांनी सोसलेला जादा ताण तिच्यात तसाच उरलेला असतो.

काही वर्षांपूर्वी पश्चिम उपनगरांतल्या एका डीलरकडून मी अशीच एक सेडान घेतली होती. सर्व्हिसचे रेकॉर्ड पूर्ण होते, गाडी आतून-बाहेरून स्वच्छ होती आणि “एकही आफ्टरमार्केट (बाहेरून घेऊन बसवलेला) पार्ट नाही” असे मला तोंडी सांगण्यात आले होते, जे शब्दशः खरेही होते. दोन महिन्यांनी सायनजवळच्या संथ वाहतुकीत पहिल्या गिअरला गाडी थरथरू लागली. गाडी लिफ्टवर चढवल्यावर मेकॅनिकने मला टर्बोजवळच्या बोल्टांवरचे पान्याचे ओरखडे दाखवले; कारखान्यात त्या बोल्टांवर लावलेली रंगाची खूण तुटलेली होती. कोणीतरी डाउनपाइप (टर्बोमधून धूर बाहेर नेणारा पाइप) बदलून नंतर मूळचा परत बसवला होता, इंजिनाचे सॉफ्टवेअर मात्र बदललेलेच राहिले होते. ती लिफ्ट पैसे देण्याआधीही मिळाली असती, ही गोष्ट मला अजून लागते.

या खुणा ओळखणे कठीण नाही, फक्त त्या शोधण्याची सवय लागते. टर्बो, इनटेक (इंजिनाला हवा देणारा मार्ग) आणि इंटरकूलर (ती हवा थंड करणारा भाग) यांच्या पाइपांवरचे क्लॅम्प पाहावेत. एकाच पाइपावर क्लॅम्पचे दोन जुने ठसे असतील तर तो पाइप काढून बसवलेला आहे. एअर फिल्टरचा डबा आसपासच्या भागांपेक्षा फारच नवा दिसत असेल तर त्याचे कारण विचारावे. इंजिनाखालच्या प्लास्टिक आवरणाचे स्क्रू गायब असणे, विंडस्क्रीनच्या बाजूच्या खांबावर मीटर लावल्याच्या गोंदाचा डाग असणे, डॅशबोर्डखाली कुठेही न जोडलेली वायर लोंबत असणे, या सगळ्या त्याच गोष्टीच्या खुणा आहेत. काही गाड्यांत इंजिनाच्या कंट्रोल युनिटवरचे बोल्ट एकदा बसवल्यावर सहज निघू नयेत असे बनवलेले असतात. ते ड्रिल करून काढलेले दिसले तर युनिट उघडले गेले आहे असे समजावे.

सॉफ्टवेअर डोळ्यांनी दिसत नाही, त्यासाठी स्कॅनर लागतो. पण “एरर कोड नाही” एवढे पाहून समाधान मानू नये. स्कॅनरमध्ये रेडीनेस नावाचा भाग असतो. उत्सर्जनाशी संबंधित यंत्रणांची स्वयंतपासणी पूर्ण झाली आहे की नाही ते तिथे दिसते. गाडीने बहुतेक तपासण्या अपूर्ण दाखवल्या तर कोड नुकतेच पुसले गेले असावेत किंवा बॅटरी काढली गेली असावी. डीलर म्हणेल की गाडी उभी होती म्हणून बॅटरी बदलली, आणि ते खरेही असू शकते. अशा वेळी काही दिवस चालवल्यावर पुन्हा स्कॅन करू द्या, टोकन त्यानंतर देतो, असे सांगावे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले प्रदूषण कमी करणारा भाग) काढलेल्या गाड्यांत त्याच्या सेन्सरचा कोड सॉफ्टवेअरमधूनच बंद केलेला असू शकतो, त्यामुळे डॅशबोर्डवर दिवा नसणे हा पुरावा होत नाही. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत अधिकृत सर्व्हिस सेंटरला बदललेले सॉफ्टवेअर आढळले तर त्या गाडीच्या नावावर टीडी१ अशी नोंद होते आणि इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी अडचणीत येते. उरलेल्या वॉरंटीचे आमिष दाखवले जात असेल, तर ही नोंद आहे का हे सर्व्हिस सेंटरमधूनच खात्री करून घ्यावे.

किती ताकद वाढवली हे विचारणे, ती कोणत्या गिअरबॉक्समधून जाते हे न विचारणे

रिमॅपची, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलण्याची, जाहिरात अश्वशक्तीने होते, भाग मात्र बहुधा टॉर्कने (फिरवणाऱ्या पिळाच्या जोराने) तुटतात. उदाहरणार्थ, डीक्यू२०० हा सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी (फोक्सवॅगन समूहाचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) सुमारे २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे. पोलो जीटी टीएसआयच्या १.२ लिटर इंजिनाचा मूळ टॉर्क १७५ होता, त्यामुळे तिथे थोडी जागा उरते. याच गिअरबॉक्ससह भारतात विकली गेलेली १.८ टीएसआय ऑक्टाव्हिया मात्र मुळातच २५० न्यूटन-मीटरची होती, आणि साध्या स्टेज वन (भाग न बदलता फक्त सॉफ्टवेअरच्या) रिमॅपनेही हा आकडा ३०० च्या पुढे जाऊ शकतो. दोन्ही गाड्यांवर “स्टेज वन” हीच पाटी असली तरी दोघींचे आयुष्य सारखे नसते.

दुसरा प्रश्न इंधनाचा. अनेक मॅप, म्हणजे बदललेल्या सॉफ्टवेअरच्या फाइली, साध्या पेट्रोलपेक्षा जास्त ऑक्टेनचे (नॉकिंगला, म्हणजे इंधनाच्या अवेळी पेटण्याला, जास्त दाद न देणारे) इंधन गृहीत धरून लिहिलेले असतात. आधीच्या मालकाने महाग पेट्रोल घातले असेल आणि डीलरने शोरूमला आणताना साधे भरले असेल, तर इंजिन नॉकिंग टाळण्यासाठी स्वतःच ताकद कमी करते. वर्षानुवर्षे असेच चालले तर पिस्टनपर्यंत नुकसान पोहोचू शकते. म्हणून मॅप कोणी लिहिला, कोणत्या इंधनासाठी लिहिला, आणि मूळ फाइल परत घालून मिळेल का, हे तिन्ही प्रश्न थेट ट्यूनरला (सॉफ्टवेअर बदलून देणाऱ्याला) फोन करून विचारावेत. चांगला ट्यूनर गाडीचा क्रमांक सांगितल्यावर तिची माहिती काढून देतो. डीलर ट्यूनरचे नावच सांगू शकत नसेल, तर केलेल्या बदलांपोटी एक रुपयाही जास्त मोजू नये, आणि मूळ स्थितीत आणण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.

दहा मिनिटांच्या ट्रायलवर ठरवणे

डीलर ट्रायलला मोकळा रस्ता दाखवतो, कारण तिथे टर्बोची गाडी सुंदर वाटते. मुंबईत तिला आयुष्य काढायचे असते ते वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर अंधेरी ते वांद्रे या टप्प्यात, संध्याकाळी. त्यामुळे सकाळी आपण पोहोचण्याआधी गाडी सुरू करू नका असे आदल्या दिवशी सांगावे, गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून ती खरोखर थंड आहे का ते पाहावे, आणि पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमागे कोणाला तरी उभे करावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गरम झाल्यानंतरही पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत जात असण्याची शक्यता असते. मग निदान पाऊण तास चालवावे, त्यातला निम्मा वेळ रखडत्या वाहतुकीत. ड्युअल-क्लच गिअरबॉक्सचा थरथराट थंड असताना अनेकदा जाणवत नाही, तो क्लच तापल्यावर उघड होतो. केम्प्स कॉर्नरकडून पेडर रोड चढताना चौथ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्यावा. आरपीएम वाढतात पण वेग त्या मानाने वाढत नाही, असे दिसले तर क्लच स्लिप होतो आहे.

पावसाळ्याचा विचार न करणे

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तसा दिवस पुन्हा आला नसला तरी हिंदमाता, मिलन सबवे आणि अंधेरी सबवे येथे पाणी साचणे मुंबईकरांच्या अंगवळणी पडले आहे. मॉडिफाय केलेल्या गाडीला इथे दुहेरी धोका असतो. एक तर ती खाली बसवलेली असते. दुसरे म्हणजे थंड हवा मिळावी म्हणून इनटेकचे तोंड कधी कधी बंपरजवळ खाली आणलेले असते, आणि साचलेल्या पाण्यातून जाताना तेथून इंजिनात पाणी खेचले गेले तर कनेक्टिंग रॉड वाकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का ते पाहावे, कार्पेट उचलून सीटच्या रुळांवरचा गंज आणि स्टेपनीखालचा खळगा तपासावा. स्प्रिंगा बदललेल्या असतील तर मूळ स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर डिक्कीत मिळणार आहेत का हे विचारावे, कारण इथल्या खड्ड्यांत स्ट्रट माउंट व बुश (सस्पेन्शनचे रबरी भाग) आधी जातात आणि मूळ भाग नव्याने घेणे बरेच खर्चिक ठरते.

आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) जे लिहिले आहे त्याच्याशी गाडी ताडून न पाहणे

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीमधील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. २०१९ च्या सुधारणेनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. बदल मी केले नाहीत असे नवा मालक म्हणू शकतो, पण आवाज आणि प्रदूषणाच्या मर्यादा ओलांडणाऱ्या गाडीबाबतची कारवाई ती चालवणाऱ्यावर होते. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, आणि तीन महिने लायसन्सही जाऊ शकते. इंजिन आणि चेसिस क्रमांक स्वतः वाकून वाचावेत, आरसीवरचा रंग आणि गाडीचा रंग जुळवावा. बदल विमा कंपनीला कळवलेले नसतील तर अपघातानंतरचा दावा नाकारला जाऊ शकतो. पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावी. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही.

बाहेरच्या राज्याची पाटी असेल तर एनओसी (मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र) आणि महाराष्ट्राचा रस्ता कर यांचा खर्च सौद्यातच धरावा. वैयक्तिक नावावरच्या नव्या पेट्रोल गाडीला हा कर किमतीच्या ११ ते १३ टक्के असतो आणि गाडी जुनी होत जाईल तसा तो कमी होतो, तरीही महागड्या परफॉर्मन्स कारच्या बाबतीत रक्कम मोठीच होते.

विकणारा नक्की कोण आहे हे कागदावर न घेणे

“पार्टीची गाडी आहे, आम्ही पार्क अँड सेल करतो,” म्हणजे गाडी दुसऱ्याची आहे आणि आम्ही ती फक्त उभी करून विकतो, असे ऐकू आले की थांबून पावती कोणाच्या नावाने मिळणार ते विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचे अधिकारपत्र घ्यावे लागते, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी ने दिली जाते. त्यानंतर त्या गाडीची जबाबदारी डीलरवर येते. अधिकारपत्र आणि २९सी दाखवा, एवढे सभ्यपणे म्हटले तरी समोरच्याची तयारी लगेच कळते. विक्रीच्या कागदावर “आहे त्या स्थितीत” असे छापलेले असेल तर त्याच कागदावर, त्याच पेनाने, पुढील मजकूर लिहून घ्यावा: कोणते भाग बदललेले आहेत, कोणते मूळ भाग सोबत दिले आहेत, इंजिनाचे सॉफ्टवेअर मूळ आहे की बदललेले, आणि किलोमीटर किती आहेत. “आमच्या माहितीप्रमाणे” हे शब्द डीलर घालू पाहील. सॉफ्टवेअर आणि किलोमीटर या दोन बाबतींत ते घालू देऊ नयेत. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहावी, म्हणजे त्या दिवशीचे ई-चलान कोणाचे यावर वाद होत नाही.

गाडी घेऊन झाली आहे आणि आता बिघाड निघाला आहे

अशा वेळी लगेच दुरुस्ती करून टाकणे ही शेवटची मोठी चूक ठरते. आधी स्कॅनचा अहवाल आणि लिफ्टवरचे फोटो घ्यावेत, डीलरला लेखी कळवून गाडी पाहून जाण्याची संधी द्यावी, आणि उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवावी. गाडीसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. दुरुस्ती थांबवणे शक्यच नसेल, तर गॅरेजकडून बिलावर बिघाडाचे कारण लिहून घ्यावे आणि काढलेला क्लच, टर्बो किंवा सेन्सर भंगारात न देता तक्रार निकाली निघेपर्यंत क्रमांकाची चिठ्ठी लावून घरी ठेवावा.