हिरवं घर करताय? आधी या चुका टाळा

घर पर्यावरणपूरक करायचं ठरलं की आपण आधी खरेदीला निघतो. बांबूचा दिवा, तागाचा गालिचा, ‘हवा शुद्ध करणारी’ चार झाडं. मीही तेच केलं. पुण्यातला सगळ्यात वरच्या मजल्यावरचा, पश्चिमेकडे तोंड असलेला फ्लॅट. झाडं छान वाढली, पण एप्रिलमध्ये रात्री अकरालाही गादी तव्यासारखी तापलेली असायची. ऊन कुठून शिरतं, वारा कुठे अडतो, पाणी कुठे मुरतं, हे बघायचंच राहून गेलं होतं.

ऊन आतून अडवणं

उन्हाळा आला की जाड पडदे शिवायचे, ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. ऊन काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं. त्यासाठी बांबूची चिक, शेडनेट किंवा जाळीवर चढवलेला वेल चालतो. छज्जा दक्षिणेच्या खिडकीला उपयोगी, कारण तिथे दुपारचं ऊन उंचावरून येतं. पश्चिमेला चारनंतरचं तिरपं ऊन छज्ज्याखालून सरळ पलंगापर्यंत पोहोचतं. तिथे उभा आडोसाच लागतो. आमच्याकडे चिक बांधल्यावर पहिल्याच आठवड्यात फरक कळला. त्याआधीच्या महागड्या पडद्यांबद्दल घरात आता कोणी बोलत नाही.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचं खरं दुखणं मात्र गच्ची असते. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो, म्हणजे सगळा मारा स्लॅबवर. अशा वेळी वॉटरप्रूफिंग म्हणून काळी डांबरी शीट अंथरून तशीच उघडी ठेवली, तर गळती थांबते आणि भट्टी सुरू होते. चुन्याचा पांढरा हात स्वस्त पडतो, पण पावसात धुऊन जातो, म्हणून तो दर फेब्रुवारी-मार्चमध्ये द्यावा लागतो. धूळ साचली की पांढरेपणा जातो आणि गुणही जातो, त्यामुळे अधूनमधून गच्ची झाडायची. गच्चीचं काम नव्यानेच निघणार असेल तर कोब्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक करून घ्या, तो बरीच वर्षं टिकतो.

स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळी उशिरा उष्णता खाली सोडतो. म्हणून देशावर नि विदर्भात भर दुपारी खिडक्या बंद ठेवायच्या, आणि अंधार पडून बाहेर गार झालं की सताड उघडायच्या. कोकणात, मुंबईत हा नियम लावू नका. तिथे दमटपणा मोठा, त्यामुळे वारा दिवसभर खेळता हवा. याच कारणाने नागपूरच्या नातेवाइकांचं ऐकून ठाण्यात पाण्याचा कूलर घेणारे पस्तावतात.

खिडक्या बदलणार असाल तर एक हिशोब करा. दोन ट्रॅकची सरकती खिडकी कितीही मोठी असली तरी निम्मीच उघडते. कब्जाची, म्हणजे बिजागरीवर दारासारखी उघडणारी खिडकी पूर्ण उघडते.

झाडं म्हणजे फिल्टर नव्हे

‘नासा’च्या 1989 च्या ज्या अभ्यासाचा दाखला नर्सरीवाले देतात, तो बंद पेट्यांमध्ये केलेला होता. 2019 मध्ये अशा अनेक प्रयोगांचा हिशोब पुन्हा मांडला गेला. खऱ्या घरात नुसत्या वाऱ्याच्या येण्याजाण्याइतका परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, असं त्यात निघालं. झाडं हौसेनं लावा, पण नव्या रंगाचा वास घालवायला खिडकीच उघडा. आणि कुंडीखालच्या बशीतलं पाणी ओतून टाका, डेंग्यूच्या डासाला तेवढं पुरतं.

जुन्या भिंतीला नवा सिमेंट

गावाकडच्या घराची ओल काढायची म्हणून जांभ्याच्या किंवा मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर चकचकीत ऑइल पेंट. असा उद्योग पुष्कळ घरांत दिसतो. या भिंतींत ओलावा येतो आणि जातो. त्याची जायची वाट बंद केली की तो आत साठतो, क्षार बाहेर येतात आणि दोन पावसाळ्यांत पोपडे धरतात. आधी पन्हाळ आणि भिंतीच्या पायथ्याशी साचणारं पाणी बघा, मग चुन्याचा गिलावा करा. तो सावकाश वाळतो आणि तेवढ्यात गवंडी कंटाळतो. तुम्ही कंटाळू नका.

ओल्या कचऱ्याची बादली

ओल्या कचऱ्याचं घरीच खत करायला घेतलं की बहुतेकांचा उत्साह तिसऱ्या आठवड्यात संपतो, आणि कारण एकच असतं, ओलं जास्त आणि कोरडं कमी. कुबट वास येतोय याचा अर्थ आत हवा नाही. वाळलेली पानं, कोकोपीट किंवा भुसा मिसळा, ढवळा आणि बादलीच्या तळाची भोकं बुजलीत का ते बघा. मुंग्या लागल्या तर उलटं झालंय, मिश्रण कोरडं पडलंय, थोडं पाणी शिंपडा. चिलटं येत असतील तर प्रत्येक थरावर कोरडी पानं पसरा. जाड, करड्या अळ्या दिसल्या की लोक बादलीच फेकून देतात, पण त्या कचरा खाऊन खत लवकर करतात. विरजण म्हणून आंबट ताक चालतं. उरलेली रश्श्याची भाजी चालत नाही, तेल-मिठामुळे काम बिघडतं.

पावसाचं पाणी थेट बोअरमध्ये

1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. म्हणजे 100 चौरस मीटरची गच्ची आणि 700 मिलिमीटर पाऊस धरला तर 70,000 लिटर होतात. काही उडून, सांडून गेलं तरी पन्नासेक हजार हाती लागतात. एवढा आकडा ऐकून सोसायट्या गच्चीचा पाइप सरळ बोअरवेलला जोडतात आणि कबुतरांची विष्ठा, धूळ नि धुण्याचा साबण भूजलात सोडतात. मध्ये वाळू-खडीचा फिल्टर हवाच, आणि पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर सोडायला वेगळा व्हॉल्व्ह हवा. तो कुठे आहे आणि कोणत्या बाजूला फिरवायचा, हे निदान दोघांना माहीत असू द्या. आमच्याकडे ते एकाच काकांना ठाऊक होतं, आणि पहिला पाऊस आला तेव्हा ते आंब्यांसाठी रत्नागिरीला गेले होते.